पडद्याआडच्या अशिलांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात ऑल सोल्स नावाचे एक जुने कॉलेज आहे. त्याचे ग्रंथालय, जे २०२० पर्यंत कॉडरिंग्टन ग्रंथालय म्हणून ओळखले जाई, कायद्याच्या ग्रंथसंग्रहासाठी प्रसिद्ध आहे. १८९० साली या ग्रंथालयाने एका तरुणीस वाचक म्हणून प्रवेश दिला. तोपर्यंत त्या वाचनदालनात कोणाही स्त्रीला वाचक म्हणून बसता आले नव्हते. कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन हे स्वतः कायद्याचे मोठे पंडित होते आणि त्यांनी आपण होऊन तिला बोलावले होते. ही तरुणी इंग्रज नव्हती. ती नाशिकला जन्मली होती, बेळगावात आणि पुण्यात वाढली होती आणि डेक्कन कॉलेजात शिकली होती. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. हिंदुस्थानातील पहिली स्त्री-वकील म्हणून तिची नोंद होते, पण आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई, डॉ. रखमाबाई ही नावे आपल्या वाचकांच्या जिभेवर जशी असतात तसे हे नाव नसते. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या आपल्या ग्रंथालयाच्या स्मृतिग्रंथात तिचे चरित्र सांगण्यास हे एक कारण पुरेसे आहे. दुसरे कारण पुढे ओघात येईल.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील रेव्हरंड सोराबजी खर्शेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी ज्ञातीचा रोष सोसला. आई फ्रान्सिना हिला लेडी फोर्ड नावाच्या एका इंग्रज बाईने दत्तक घेऊन वाढविले होते आणि त्या बाईचेच कॉर्नेलिया हे नाव मुलीला मिळाले. फ्रान्सिनाबाईंनी पुढे पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. घर मुलींनी भरलेले होते आणि त्या मुलींनी शिकून काही करावे असा आईचा कटाक्ष होता. एका बहिणीने, सूझीने, पुण्यातील सेंट हेलेना शाळा नावारूपास आणली, तर दुसरी, ॲलिस, डॉक्टर होऊन सरहद्द प्रांतात बन्नू येथे राहिली. धर्माने ख्रिस्ती, रक्ताने पारशी, वळणाने इंग्रजी आणि वस्तीने मराठी मुलखातले असे हे कुटुंब होते. कोणत्याही एका समाजाने त्याला पुरतेपणी आपले म्हटले नाही. कॉर्नेलियाबाईंच्या पुढील आयुष्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा या एका वस्तुस्थितीने होतो.

वकिलीची कल्पना त्यांच्या मनात कशी आली, हे त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगून ठेवले आहे. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना काठेवाडातील एक श्रीमंत विधवा त्यांच्या आईकडे दाद मागण्यासाठी आली. ती पडद्यात वाढलेली होती आणि तिच्या मालमत्तेचा सारा व्यवहार कारभाऱ्याच्या हाती होता. त्याने एक कागद पुढे केला आणि तिने विश्वासाने त्यावर सही केली. नंतर कळले की त्या एका सहीने सारी दौलत हातची गेली होती. कायदा होता, न्यायालयेही होती. पण वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष आणि कारकूनही पुरुष. जिने परपुरुषापुढे तोंड उघडावयाचे नाही तिने आपली हकिगत सांगावी कोणाला? आईने मुलीला समजावून सांगितले की, अशा बायकांना साहाय्य करावयाचे असेल तर कायदा शिकला पाहिजे. लहानपणी ऐकलेली अशी वाक्ये बहुधा विसरली जातात. ही विसरली गेली नाही.

डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणारी पहिली स्त्रीही त्याच. शेवटच्या परीक्षेत त्यांना आपल्या तुकडीत सर्वांत अधिक गुण मिळाले, आणि इतके गुण मिळविणाऱ्यास विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना नाकारण्यात आली, कारण ती पुरुषांसाठी होती. मग त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. वर्गात सगळे पुरुष विद्यार्थी आणि शिकविणारी विशीतली स्त्री, हे दृश्य १८८८ सालच्या हिंदुस्थानात नवलाचेच होते. इकडे विलायतेतील काही हितचिंतकांनी त्यांच्यासाठी निधी गोळा केला. मेरी हॉबहाउस आणि ॲडलेड मॅनिंग या दोन बाईंनी त्यात पुढाकार घेतला, आणि देणगीदारांत फ्लोरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न यांची नावे होती.

१८८९ साली कॉर्नेलियाबाई इंग्लंडला गेल्या. हे वर्ष मराठी स्त्रियांच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले ते याच वर्षी, आणि रखमाबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्यास विलायतेस गेल्या त्याही याच वर्षी. रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये लावलेला नांदावयास येण्याचा दावा तेव्हा नुकताच मिटला होता. १८८७ साली न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा असे फर्माविले होते आणि १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण संपले. त्या खटल्यात रखमाबाईंच्या बाजूने काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे नामांकित वकील उभे होते. अर्थात स्त्रीची बाजू मांडणारे पुरुष वकील नव्हते असे नाही. पण रखमाबाई लिहू-बोलू शकत होत्या, वर्तमानपत्रात पत्रे धाडू शकत होत्या. जिला वकिलाशी एक शब्द बोलता येत नाही, तिच्यापाशी तेलंगांची बुद्धिमत्ता पोचणार कशी, हा कॉर्नेलियाबाईंपुढचा प्रश्न वेगळा होता.

ऑक्सफर्डला त्या सॉमरव्हिलमध्ये राहिल्या. प्रथम त्यांना कायदा शिकू नका, साहित्य शिका, असेच सांगण्यात आले. बेलियल कॉलेजचे वृद्ध प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांची बाजू घेतली. तरी १८९२ साली बी.सी.एल. ही कायद्याची उच्च परीक्षा देण्याची वेळ आली तेव्हा स्त्रीला पुरुषांबरोबर बसविता येईल काय, यावरून घोळ झाला. अखेर विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना परवानगी दिली. ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. श्रेणी तिसरी मिळाली आणि त्याचे त्यांना दुःख झाले. परीक्षा उत्तीर्ण झाली तरी पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना पदव्या देण्याची प्रथाच १९२० पर्यंत नव्हती. १८९२ साली मिळविलेली पदवी त्यांच्या हाती १९२२ साली आली, तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते.

परत आल्यावर त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. ज्ञान होते पण सनद नव्हती. काठेवाड आणि इंदूरकडील संस्थानांत ब्रिटिश एजंटांपुढे परवानगीने अर्ज मांडता येत असत, ते त्या मांडू लागल्या. एका संस्थानात तर त्यांनी एका हत्तीची वकिली केली, असा गमतीदार प्रसंग त्यांनी लिहिला आहे. हत्तीच्या चाऱ्यासाठी पूर्वजांनी लावून दिलेले उत्पन्न राजाने बंद केले होते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच राजा न्यायाधीश! राजाच्या कुत्र्याला बाई आवडल्या म्हणून निकाल हत्तीच्या बाजूने लागला. वाचताना हसू येते, पण एकाच माणसाची मर्जी म्हणजे कायदा असलेल्या राज्यांत विधवा राण्यांचे काय होत असेल याची कल्पनाही त्याच प्रसंगाने येते.

१८९६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने आरोपीतर्फे सनद नसलेली व्यक्तीही काम चालवू शकते अशी सोय होती. व्यक्ती या शब्दात स्त्री येते की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. न्यायाधीशांनी परवानगी दिली आणि ती स्त्री निर्दोष सुटली. ब्रिटिश साम्राज्यातील न्यायालयात आरोपीतर्फे स्त्रीने बचाव केल्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो आणि तो आपल्या पुण्यात घडला. पुढे त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत उत्तीर्ण झाल्या, पण सनद कोणी दिली नाही. नियमाप्रमाणे जे जे मागितले ते ते पुरे करावे आणि दर वेळी नियमाचा अर्थ नव्याने लावून दार बंद व्हावे, असा हा क्रम होता. पुढे १९१६ मध्ये कलकत्त्यास रेजिना गुहा यांना आणि त्यानंतर पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांना हाच अनुभव आला. विद्यापीठाची पदवी असूनही केवळ स्त्री म्हणून त्यांचे अर्ज फेटाळले गेले.

न्यायालयाचे दार उघडत नाही असे पाहून कॉर्नेलियाबाईंनी वाट बदलली, आणि येथेच त्यांच्या कर्तृत्वाचा खरा भाग सुरू होतो. १९०२ सालापासून त्यांनी विलायतेतील इंडिया ऑफिसकडे आणि वर्तमानपत्रांतून मागणी लावून धरली की, पडद्यातील स्त्रिया आणि अज्ञान वारस यांच्यासाठी सरकारने एक स्त्री कायदा-सल्लागार नेमावी. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये लेडी असिस्टंट म्हणून त्यांची नेमणूक झाली.

कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे काय, हे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. जमीनदार मरण पावला आणि मागे अज्ञान मुलगा किंवा विधवा राहिली की ती जमीनदारी सरकार आपल्या देखरेखीखाली घेई. बंगालात यासाठी १८७९ चा कायदा होता. आमच्याकडील हैदराबाद संस्थानातही कोर्ट ऑफ वॉर्ड्स होते आणि जुन्या जहागीरदार घराण्यांतील वडीलधाऱ्यांना हे नाव नवे नाही. वसुली, हिशेब, मुलाचे शिक्षण, बाईचा मुशाहिरा सारे सरकारी अधिकारी पाहत. पण ज्या बाईच्या नावाने हे सारे चाले तिच्याशी अधिकाऱ्याचे प्रत्यक्ष बोलणे नसे. मध्ये दिवाण, गुमास्ता, भाऊबंद, दासी अशी साखळी असे, आणि त्या साखळीतील प्रत्येक कडीचा काही ना काही स्वार्थ असे. बाईचे म्हणणे अधिकाऱ्याच्या कानी पडेपर्यंत ते बाईचे राहत नसे.

बंगालात ही गोष्ट अधिक जीवघेणी का होती, याला धर्मशास्त्रातच कारण आहे. आपल्याकडे मिताक्षरा पद्धत चाले. एकत्र कुटुंबात नवरा वारला तर त्याचा हिस्सा भाऊबंदांत विलीन होई आणि विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्र येई. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग चाले. त्यानुसार निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा हयातीपुरता मिळे. वरवर पाहता हे अधिक न्याय्य वाटते. परंतु हक्क मिळाला आणि तो राखण्याची साधने मिळाली नाहीत, की त्या हक्कामुळेच माणूस संकटात येतो. दायभागाची विधवा ही भाऊबंदांच्या वाटेतील धोंड असे. ती गेली की मालमत्ता पुढे सरकणार, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असे. दत्तकाचेही तसेच. मुंबई इलाख्यात नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर विधवेला दत्तक घेता येई. बंगालात नवऱ्याची स्पष्ट अनुमती लागे, म्हणून खऱ्याखोट्या अनुमतिपत्रांचा बाजार मांडलेला असे. पडदानशीन स्त्रीने दस्त केला तर तो तिला समजला होता हे दस्ताचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध करावे, असे प्रिव्ही कौन्सिलने घालून दिले होते. तत्त्व उत्तम होते. मात्र ते उपयोगी पडण्यासाठी कोणी तरी न्यायालयापर्यंत जावयास हवे होते.

ते जाणे कॉर्नेलियाबाईंनी आपल्याकडे घेतले. १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात त्यांचे काम पसरले. आगगाडी जेथे संपे तेथून पालखी, नाव, हत्ती मिळेल त्या वाहनाने त्या आडगावच्या वाड्यांपर्यंत जात. जनानखान्यात जमिनीवर मांडी घालून बसत, आधी मुलाबाळांची विचारपूस करीत, देवपूजेची वेळ सांभाळत, आणि मग हळूहळू कागदांवर येत. कोणत्या कागदावर सही केली, तेव्हा खोलीत कोण होते, मुशाहिरा हातात किती पडतो आणि वहीत किती लिहिला जातो, असे ते प्रश्न असत. कोठे लहान वारसाला विषप्रयोगाची भीती असे, कोठे सासू-सुनेचे वैर दोन गुमास्त्यांनी पेटते ठेवलेले असे. पुष्कळदा त्या दावा लागूच देत नसत. दोन्ही बाजूंस भेटून घरातल्या घरात तोड काढीत, कारण एकदा दावा लागला की जमीनदारी वकिलांच्या घशात जाते हे त्या पाहत होत्या. वकिलाने असे म्हणावे ही मोठी दुर्मिळ गोष्ट आहे! सुमारे दोन तपे चाललेल्या या कामात सहाशेहून अधिक स्त्रिया आणि मुले यांना त्यांनी साहाय्य केले असे सांगितले जाते. काहींचे काम त्यांनी फी न घेता केले.

मला यात विशेष वाटते ते असे. त्या काळच्या सुधारकांचे म्हणणे होते की पडदा मोडा म्हणजे स्त्रीला न्याय मिळेल. ते खोटे नव्हते. पण पडदा मोडेपर्यंत दोन पिढ्या जाणार, तोवर पडद्याआड जी आज बसली आहे तिच्या शेतीवाडीचे काय? जी स्त्री उंबऱ्याबाहेर येत नाही तिच्यासाठी कायद्याने उंबरा ओलांडून आत गेले पाहिजे, ही कॉर्नेलियाबाईंची भूमिका होती. आमच्या बीदर-जनवाड्याच्या भागात १९४८ पर्यंत कचेरीची भाषा उर्दू होती. मराठी-कानडी घरातील बाईला न समजणाऱ्या लिपीतील दस्तावर अंगठा उठविणे ही येथे परकी गोष्ट नव्हती. बंगालच्या राण्यांच्या हकिगती आम्हाला वाटतात तेवढ्या दूरच्या नाहीत. हे चरित्र येथे सांगण्याचे माझे दुसरे कारण हेच.

१९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. लेखनही चालू होते. पडद्यातील जीवनावरील कथा, पडदानशीन स्त्रियांवरील पुस्तक, आईवडिलांचे आणि सूझीचे चरित्र, आणि उतारवयात १९३४ साली प्रसिद्ध झालेले इंडिया कॉलिंग हे आत्मकथन, सारे इंग्रजीत. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अखेर त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२३ मध्ये कायदा होऊन स्त्रियांना वकिली करण्यास असलेली आडकाठी साऱ्या देशात दूर झाली. कॉर्नेलियाबाई लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आल्या आणि १९२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात दाखल झाल्या. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, वकिली करू लागल्या. एकीचे वय सव्वीसच्या आत आणि दुसरीचे साठीला टेकलेले. तीस वर्षे ज्या झग्यासाठी झगडल्या तो अंगावर आला तेव्हा कॉर्नेलियाबाईंना न्यायालयात उभे राहून बोलण्याची कामे फारशी मिळालीच नाहीत. पुरुष वकिलांनी त्यांच्याकडून लेखी सल्ले तेवढे मागविले. १९२९ साली त्यांनी काम थांबविले आणि लंडनला बिऱ्हाड केले.

आता एक अप्रिय बाजूही सांगितली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. कॉर्नेलियाबाई स्वराज्याच्या चळवळीच्या विरोधात होत्या. गांधीजींवर त्यांनी कडक टीका केली आणि ती परदेशांत फिरूनही केली. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचे मदर इंडिया हे पुस्तक निघाले आणि सारा देश संतापला, तेव्हा कॉर्नेलियाबाई मेयोच्या पाठीशी उभ्या राहिल्या. स्त्रियांचे आणि अर्भकांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्या हालांचे वर्णन त्यांना खोटे वाटले नसेल. पण त्या वर्णनाचा उपयोग हिंदी माणूस राज्य करण्यास नालायक आहे हे ठरविण्यासाठी होत होता, हे त्यांना दिसले नाही किंवा दिसूनही बोचले नाही. माझ्या मते ही त्यांची मोठी चूक होती. तिची किंमतही लगेच मोजावी लागली. अर्भकसंगोपन, बाळंतपण आणि गावोगावच्या शुश्रूषेसाठी त्यांनी काढलेल्या संस्थेस ज्यांचा आधार हवा होता त्या सुशिक्षित हिंदी स्त्रियांनी पाठ फिरविली आणि ते काम बसले. ज्या सरकारने त्यांना वाड्यांत शिरण्याचा अधिकार दिला त्याच्यावर त्यांची निष्ठा जडली. परंतु तेच सरकार त्यांची सनद वर्षानुवर्षे अडवून बसले होते, याचा विसर त्यांना कसा पडला, हे कोडे मला सुटलेले नाही.

स्वातंत्र्य आल्यावर त्यांचे नाव कोणी काढले नाही यात म्हणून नवल नाही. मात्र ज्या विधवांसाठी त्या झिजल्या त्यांचा प्रश्न दुसऱ्या हातांनी पुढे नेला. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला आणि मिताक्षरेच्या विधवेलाही एकत्र कुटुंबात हयातीपुरता हिस्सा मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जीव ओतला आणि ते रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने हयातीपुरता हा शब्द गेला आणि विधवेची मालकी पूर्ण झाली.

तो कायदा पाहण्यास कॉर्नेलियाबाई राहिल्या नाहीत. ६ जुलै १९५४ रोजी सत्त्याऐंशीव्या वर्षी त्या लंडनला वारल्या. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांच्या रोजनिश्या, पत्रव्यवहार आणि पडद्याआडच्या त्या अशिलांची टिपणे ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत.